बोटावरची शाई म्हैसूरची

मतदान करून आलेल्या माणसाच्या डाव्या तर्जनीवर एक काळपट जांभळी रेघ असते. ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पण ती शाई येते कुठून?

गेल्या वर्षी आमच्या शाळेची सहल म्हैसूरला गेली होती. राजवाडा आणि चामुंडी टेकडी पाहून आमची बस बन्नीमंटप भागातून चालली होती. दसऱ्याची हत्तींची मिरवणूक जिथे संपते, तोच हा भाग. तिथे सरांनी एका कारखान्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "देशाची निवडणूक इथून सुरू होते." परत आल्यावर मी या कारखान्याची माहिती शोधून काढली.

महाराजा चौथे कृष्णराज वाडियार यांनी १९३७ साली हा कारखाना सुरू केला. जंगलात मिळणाऱ्या लाखेपासून रंग आणि वस्तू बनवणे हे त्याचे काम होते, म्हणून नाव ठेवले 'मैसूर लॅक अँड पेंट वर्क्स'. स्वातंत्र्यानंतर तो सरकारी झाला. आज त्याला 'मैसूर पेंट्स अँड वार्निश लिमिटेड' म्हणतात. १९६२ च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदानाची शाई इथून जाते. शाईचे सूत्र दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने दिले आणि ते गुप्त ठेवले जाते. गंमत पाहा, प्रत्येकाला मताचा अधिकार नव्हता त्या काळात एका राजाने काढलेला कारखाना आज लोकशाहीची शाई बनवतो!

ही शाई पुसली का जात नाही? तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. आपल्या त्वचेवर घामाचे मीठ असते. दोन्ही एकत्र आले की सिल्व्हर क्लोराईड तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही आणि उजेडात काळे पडते. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात ही अभिक्रिया आहे. कातडीवरचा डाग काही दिवसांत जातो, पण नखावरचा डाग नख वाढून पुढे येईपर्यंत राहतो. म्हणूनच रेघ नखापासून खाली कातडीपर्यंत ओढतात. एकाने दोनदा मत देऊ नये, एवढाच तिचा उद्देश.

१० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ७०० मतदारांना शाई लावता येते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी म्हैसूरहून २६ लाखांहून अधिक बाटल्या गेल्या. २५ पेक्षा जास्त देशांनीही ही शाई घेतली आहे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ७ मे २०२४ रोजी सातारा जिल्ह्यात मतदान होते. सुट्टी असल्यामुळे मी गावी होतो. आई आणि आजी मत देऊन आल्या. आजीने नंतर भांडी घासली, अंगण सारवले, तरी रेघ तशीच. रात्री बाबांचा सीमेवरून व्हिडिओ कॉल आला. आजीने बोट दाखवून विचारले, "तुझं बोट दाखव की रे!" बाबांनी हात वर केला. बोट कोरे होते. आजी रागावली. तिला वाटले, बाबांनी मत दिलेच नाही.

बाबांनी हसत समजावले. सैनिक आपल्या गावापासून दूर असतात. त्यांना टपाली मतपत्रिका मिळते. ते खूण करून ती टपालाने पाठवतात. केंद्रावर जायचे नाही, म्हणून शाईही नाही.

तीन वर्षांनी मी अठरा वर्षांचा होईन. मला ती रेघ बोटावर हवी आहे. पण मी सैन्यात अधिकारी झालो, तर बाबांसारखे माझेही बोट कोरेच राहील. पूर्वी मला त्याचे वाईट वाटले असते. आता वाटत नाही. आजी निर्धास्तपणे केंद्रावर जाऊन बोटाला शाई लावून येते, त्यात त्या कोऱ्या बोटाचाही वाटा आहे.

जय हिंद!

– एक कॅडेट, इयत्ता १० वी