भिंतीतला पाइपच जेव्हा अर्थिंग असतो

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. यात थोडे आकडे आहेत, ते वाचतानाच नीट कळतील.

मी कोड लिहितो, वायरमन नाही. शिकागोच्या एका उपनगरात आम्ही जुनं घर घेतलं आणि बेसमेंटमध्ये मी माझं ऑफिस थाटलं. उन्हाळ्यात आई आली. एक दिवस टेबल पुसताना म्हणाली, "अरे, तुझ्या या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात रे." डबा म्हणजे माझा डेस्कटॉप. मी म्हटलं, "अगं, स्टॅटिक असेल." त्या दमट हवेत स्टॅटिक कुठून येणार, एवढा विचारही बीटेकवाल्याने केला नाही.

दोन दिवसांनी मलाच झिणझिण्या आल्या. ब्रेकर बंद करून सॉकेट उघडलं. आत काळी वायर, म्हणजे फेज, आणि पांढरी, म्हणजे न्यूट्रल. हिरवी नाहीच! मला वाटलं, आपण फसलो.

तर तसं नव्हतं. आपल्याकडे भिंतीत बहुतेक पीव्हीसी पाइप असतो. त्यातून वीज जात नाही, म्हणून अर्थिंगची हिरवी वायर वेगळी ओढावीच लागते. शिकागो भागात मात्र घरातलं वायरिंगसुद्धा स्टीलच्या पातळ पाइपातून नेतात. त्याला ईएमटी म्हणतात. अमेरिकेचा इलेक्ट्रिकल कोड या पाइपालाच अर्थिंगचा वाहक मानतो. स्टीलचा बॉक्स, स्टीलचा पाइप, थेट मेन पॅनेलपर्यंत. म्हणजे हिरवी वायर होती, फक्त ती पाइपाच्या रूपात होती.

पण पाइप येतो १० फुटांचा. ४० फुटांच्या लाइनीत चार पाइप, मध्ये तीन कपलिंग आणि दोन टोकांना बॉक्सचे कनेक्टर, असे पाच जोड. साधं कपलिंग म्हणजे बोटाएवढी धातूची नळी, दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू. पाइप दोन्हीकडून आत सरकवायचे आणि स्क्रू आवळायचे. स्क्रूचं टोक पाइपावर घट्ट दाबलं जातं, तोच विजेचा रस्ता. बॉक्सला लॉकनट असतो, त्याचे दाते रंग खरवडून पत्र्यात रुततात. ओल्या जागी नट आणि रिंगने दाबून बसणारं कपलिंग वापरतात. किंमत किरकोळ. पण पाचांपैकी एक जोड सुटला, की त्याच्या पुढच्या सगळ्या सॉकेटचं अर्थिंग गेलं.

आणि गेलेलं कळत नाही! लॅपटॉप चार्ज होतो, दिवा लागतो, कारण रोजचं काम फेज आणि न्यूट्रलवर चालतं. माझ्या भाषेत सांगायचं तर एरर लॉगच नाही. फक्त कॉम्प्युटरने चुगली केली. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग तुटलं की बॉडी मधेच, १२० च्या निम्म्यावर, साधारण ६० व्होल्टला तरंगते. करंट अगदी कमी, झिणझिण्यांपुरता.

खरी भीती अर्धवट सैल जोडाची. समजा मशीनमध्ये फेजची वायर सोलून बॉडीला टेकली. मेन पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेले असतात, त्यामुळे करंट पाइपातून परत पॅनेलकडे पळतो. जमिनीत 'मुरून' जात नाही, हा आपला एक आवडता गैरसमज. पूर्ण वाटेचा रोध अर्धा ओहम असेल तर १२० भागिले ०.५, म्हणजे २४० अँपिअर. २० अँपिअरचा ब्रेकर तत्क्षणी पडतो. आता एका सैल, गंजलेल्या कपलिंगने ६ ओहमची भर घातली, तर एकूण ६.५ ओहम. करंट साडेअठरा अँपिअर. ब्रेकरला वाटतं, कुणीतरी हीटर लावलाय. तो पडतच नाही! मशीनची बॉडी ११० व्होल्टच्या आसपास, आणि त्या बोटभर कपलिंगमध्ये सुमारे २००० वॉट उष्णता. म्हणजे भिंतीत, लाकडाला चिकटून, एक गीझर.

तीन दिव्यांचा स्वस्त टेस्टर मी लावला, तर त्याने 'सगळं ठीक' दाखवलं. मल्टिमीटरचा बीपही असाच भोळा. तो काही मिलिअँपिअर पाठवून बघतो, ६ ओहमला खुशाल वाजतो. शेवटी बेसमेंटच्या उघड्या छतातला पाइप हाताने हलवला आणि टेस्टरचा एक दिवा विझला. सोडला की पुन्हा लागला. वर, पाइपाला आधीच्या मालकाने कपड्यांचे हँगर अडकवले होते, तिथे एका कपलिंगचा एक स्क्रू कधी आवळलाच नव्हता. वजनाने पाइप निम्मा बाहेर आला होता.

मग मी पाइप पुढे कुठे जातो ते पाहिलं. वॉशिंग मशीनकडे. आई रोज सकाळी तिथे काँक्रीटच्या फरशीवर अनवाणी उभी राहून कपडे टाकायची.

स्क्रू मी आवळला नाही, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याला आणखी एक सैल कपलिंग सापडलं. माझ्या आग्रहावरून त्याने त्याच पाइपातून हिरवी वायरही ओढली, आणि मशीनपाशी जीएफसीआय सॉकेट बसवलं. ते फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक मोजतं, त्यामुळे अर्थिंग नसतानाही तुटतं. आपल्या आरसीसीबीचाच भाऊ.

तुमच्या पीव्हीसी पाइपात कपलिंगचा प्रश्न नाही, पण बोर्डामागे हिरवी वायर नुसती दुमडून ठेवलेली असू शकते. डेस्कटॉपला किंवा फ्रिजला झिणझिण्या येत असतील, तर आधी वायरमनला बोलवा. आरसीसीबी असेल तर त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबून तो पडतो का, तेही बघा.

आई आता सांगलीला परत गेलीय. परवा फोनवर विचारत होती, "तुझं ते स्टॅटिक गेलं का रे?"