साथीच्या काळात वस्तीची वही

मे २०२१ ची गोष्ट. कोरोनाची दुसरी लाट जोरात होती. उंब्रजच्या आसपासच्या एका गावात लसीकरण होते. आपल्या वस्तीतली सतरा-अठरा तरुण मुले-मुली सकाळी सातपासून रांगेत उभी होती. दहाला नावे पुकारायला सुरुवात झाली. त्यात गावातली थोडी नावे, बाकी बाहेरगावची. पुणे-बेंगळुरू महामार्ग जवळच, त्यामुळे मोबाइलवर आधी नंबर लावून लोक गाड्या घेऊन आले होते. वस्तीतले एकही नाव पुकारले गेले नाही.

"ताई, दवाखाना आपल्या गावात, मग लस दुसऱ्यांना कशी?" वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका पोराने आम्हाला विचारले.

त्या दिवशी कोणी शिवी दिली नव्हती, कोणी हाकलले नव्हते. नियमच तसा होता. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. वस्तीत अनेक घरांत बटणाचा एकच फोन, तोही बाप कामावर घेऊन जाणार. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आणि इंटरनेट नाही त्यांनी काय करायचे, हा प्रश्न त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही केंद्र सरकारला विचारला. पुढे २१ जून २०२१ पासून थेट केंद्रावर जाऊन नोंदणीची सोय सगळ्यांसाठी झाली. पण तोवर रांगेतून परत आलेली माणसे पुन्हा यायला तयार नव्हती.

आम्ही नर्सिंगचे शिक्षण घेतले, वर्षानुवर्षे दवाखान्यात काम केले. सुई कशी टोचायची ते आम्हाला शिकवले होते. सुईपर्यंत माणूस कसा पोहोचतो, ते या साथीने शिकवले.

वहीची सुरुवात

संध्याकाळी विहारात वंदनेनंतर महिला मंडळाच्या बायांना थांबवले. शाळेची दोनशे पानी वही आणली. प्रत्येक घराला एक पान. घरात माणसे किती, वय काय, कोणाला शुगर, कोणाला बीपी, कोण गरोदर, कोण अंगावर पाजणारी, आधार आहे का, रेशनकार्ड आहे का, फोन कोणाचा. बारावी झालेल्या दोन मुलींनी तीन दिवसांत वही भरली.

वही भरल्यावर आमचेच डोळे उघडले. पंचेचाळीस वर्षांवरच्या सगळ्यांना १ एप्रिलपासूनच लस खुली होती आणि त्यांना केंद्रावर जाऊन नाव नोंदवता येत होते. तरी शुगर-बीपीची कितीतरी माणसे घरीच बसून होती. कोणाला माहीत नव्हते, कोणाला भीती होती. "ताप आला तर दोन दिवसांची मजुरी बुडते," हे कारण सर्वात जास्त वेळा ऐकले. ही भीती खोटी नव्हती. म्हणून आम्ही ताप येतच नाही असे सांगितले नाही. एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते, पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, शक्यतो सुट्टीच्या आदल्या दिवशी लस घ्या, असे सांगितले. पाजणाऱ्या आयांना लस घेता येते, हे १९ मे २०२१ ला सरकारने स्पष्ट केले. गरोदर बायांना २ जुलैला परवानगी मिळाली. हे निरोपही वही बघूनच त्या त्या घरी दिले.

मग वहीतली नावे अर्जाला जोडली. "वस्तीतील व्यक्तींचे लसीकरण समाजमंदिरात होणेबाबत" असा साधा विषय. अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक दिली, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला जावे लागले नाही. आशाताईंनीच निरोप आणला, आणि जूनमध्ये समाजमंदिरात लसीकरण झाले. आम्ही तोंडी महिनाभर सांगत होतो, ते शिक्क्याच्या कागदाने झाले.

जिथे आम्ही कमी पडलो

वही एक महिना आधी केली असती तर एक घर वाचले असते, ही बोच मनात आहे.

एप्रिलमध्ये वस्तीतला एक गवंडी तापाने पडला. वय चाळीसच्या आत. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तपासणी करा म्हणून सांगितले. "नेलेला माणूस परत येत नाही," या भीतीने तो गेला नाही. आम्हीही पुन्हा गेलो नाही. ऑक्सिमीटरवर आकडा ९५ च्या खाली उतरला की थांबायचे नसते, दवाखाना गाठायचा असतो. त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लागलाच नाही. सहाव्या रात्री तो घरातच गेला.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे साहाय्य सुरू झाले. घरी मृत्यू झाला असला तरी ते मिळू शकत होते. पण कोरोनाची तपासणी झालेली किंवा डॉक्टरांनी निदान केलेले असले पाहिजे होते, आणि मृत्यू त्यापासून ३० दिवसांच्या आतला. या घरात तपासणीचा कागद नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही. मृत्यूची नोंदही कित्येक महिन्यांनी केलेली. त्या माउलीकडे अर्जाला जोडायला काहीच नव्हते. ती आज दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते, दोन लेकरे शिकवते. तिच्या नवऱ्याचा मृत्यू कोरोनाच्या हिशेबात कुठेच नाही.

म्हणून सांगतो, आजारपणात कागद जपणे हा उपचाराचाच भाग आहे.

ग्रामसभा बंद पडली तेव्हा

साथीत गर्दी नको म्हणून २०२० मध्ये ग्रामसभांना स्थगिती आली. अनेक गावांत पंचायतीची मुदत संपली आणि प्रशासक आले. साथीचे आदेश १८९७ च्या साथरोग कायद्यापासून वरून खाली येतात. घाईच्या वेळी ते समजण्यासारखे आहे. पण विलगीकरण कोणत्या शाळेत, फवारणी आधी कोणत्या गल्लीत, टँकर कुठे, हे गावातच ठरते. ते ठरवताना आपल्या वस्तीतले कोणी तिथे बसले होते का? बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' असे आहे. दोष फक्त साथीचा नाही. साथीआधी ग्रामसभा भरत होती, तेव्हाही आपण किती जण जात होतो?

कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची आहे. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. म्हणजे वस्तीतल्या पंचवीस-तीस बाया एकत्र गेल्या तर त्यांचा आवाज दाबता येत नाही. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, हेही तिथेच विचारायचे. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छतेची समिती असते. तिच्यासाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानात वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद आहे. त्या समितीत आपल्या वस्तीतले कोण आहे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आताच करायची कामे

साथ नसताना केलेली तयारीच साथीत उपयोगी पडते. पुढच्या पौर्णिमेला विहारात बसून एवढे करा :

• वस्तीची वही करा, दर सहा महिन्यांनी दुरुस्त करा. वही एका जबाबदार बाईकडे ठेवा. कोणाचा आजार चारचौघांत वाचून दाखवू नका.

• मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा. दाखला लगेच मागा, नावाचे स्पेलिंग आधारशी जुळते का ते पाहा. नोंद राहिली असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना भेटा. उशिरा नोंदीचीही पद्धत आहे.

• प्रत्येक अर्जाची पोच घ्या. जन्म-मृत्यूचे दाखले लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येतात. मुदतीत मिळाले नाहीत तर अपील करता येते.

• रेशनकार्डात सुनेचे आणि लहान मुलांचे नाव आहे का ते पाहा. कोरोनात दरडोई ५ किलो मोफत धान्य आले, ते कार्डावर ज्यांची नावे त्यांनाच.

• वस्तीसाठी एक ऑक्सिमीटर, एक थर्मामीटर आणि शक्य तर बीपीचे मशीन घ्या. वापरायला चार मुलींना शिकवा.

• ग्रामसभेची नोटीस लागली की विहाराच्या फळ्यावर लिहा. एकच मागणी ठरवून जा, ती ठरावात लिहून घ्या.

शेवटी एक आठवण

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. होय, दवाखानेसुद्धा त्यात होते. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे ठरवले. पण तळ्याचे पाणी कोणी घेऊ शकले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसे घेऊन चालत गेले, तेव्हा ओंजळ भरली.

आज दवाखाना कायद्याने आपल्यालाही खुला आहे. लस, रेशन, दाखला, सगळे कागदावर आपले आहे. तिथपर्यंत चालत जाणे मात्र आपल्यालाच करायचे आहे. एकट्याने नको, वही घेऊन, सगळ्यांनी मिळून.

जयभीम! नमो बुद्धाय!