जैव विघटनशील मॅग्नेशियम मिश्रधातूंवरील मृत्तिका लेप

मोडलेले हाड सांधून धरण्यासाठी किंवा आकुंचित रोहिणी रुंद ठेवण्यासाठी मॅग्नेशियमाच्या मिश्रधातूंचे स्क्रू, पट्ट्या, खिळे, स्टेंट इ. शरीरात बसविले जातात. आपले कार्य संपल्यावर ते शरीरातच हळूहळू विरघळून जावेत, अशी अपेक्षा असते. या धातूंचे विघटन अतिजलद होऊ नये म्हणून त्यांच्या पृष्ठावर ऑक्साइड, फॉस्फेट, सिलिकेट, फ्ल्युओराइड इ. अकार्बनी, अधातवीय पदार्थांचा जो पातळ थर देतात, त्याला संरक्षक मृत्तिका लेप म्हणतात. सिरॅमिक लेप हेही नाव रूढ आहे.

अगंज पोलाद किंवा टिटॅनियम यांचे रोपण हाड जुळून आल्यावरही शरीरात राहते. पुष्कळदा ते काढण्यासाठी रोग्यावर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. शिवाय हे धातू हाडापेक्षा बरेच ताठर असल्याने भार स्वतःवर घेतात आणि त्यांच्याखालचे हाड दुर्बळ होत जाते. अगंज पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सु. १९० ते २००, टिटॅनियम मिश्रधातूंचा सु. ११०, तर मॅग्नेशियमाचा सु. ४५ गिगापास्कल असून तो हाडाच्या गुणांकाला सर्वांत जवळचा आहे. मॅग्नेशियमाची घनता १.७४ ग्रॅ./घ. सेंमी. असून तीही हाडाच्या घनतेशी मिळतीजुळती आहे. प्रौढ मानवी शरीरात सु. २५ ग्रॅ. मॅग्नेशियम असते व त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत असते. त्यामुळे रोपणातून सुटणारे मॅग्नेशियम शरीराला परके नसते व जादा भाग मूत्रावाटे बाहेर टाकला जातो.

इतिहास : रक्तस्राव थांबविण्यासाठी रक्तवाहिन्या बांधण्याच्या कामी एडवर्ड ह्यूस यांनी १८७८ मध्ये मॅग्नेशियमाची तार वापरली. त्यानंतर ऑस्ट्रियातील शस्त्रक्रियाविशारद एर्व्हिन पायर यांनी या धातूचे अनेक उपयोग सुचविले. बेल्जियममधील आल्बँ लांबॉत यांनी १९०७ च्या सुमारास पायाच्या मोडलेल्या हाडावर शुद्ध मॅग्नेशियमाची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसविली. दोन भिन्न धातू शरीरद्रवात एकत्र आल्याने विद्युत् घट तयार झाला आणि आठ दिवसांतच पट्टीचे तुकडे होऊन त्वचेखाली वायू साठला. रोपण पोलादाचे असते तर ते टिकले असते. मॅग्नेशियमाचे असल्याने ते हाड जुळण्यापूर्वीच नाहीसे झाले. या धातूच्या पुढील सर्व संशोधनाचा मूळ प्रश्न या घटनेत सामावलेला आहे. अगंज पोलाद प्रचारात आल्यावर मॅग्नेशियम मागे पडले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याकडे पुन्हा लक्ष गेले.

संक्षारणाची क्रिया : मॅग्नेशियमाचे प्रमाण विद्युत् अग्र वर्चस् –२.३७ व्होल्ट, म्हणजे संरचनेसाठी वापरल्या जाणाऱ्या सर्व धातूंत सर्वाधिक ऋण आहे. पाण्याशी विक्रिया होऊन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड व हायड्रोजन वायू तयार होतात. १ ग्रॅ. मॅग्नेशियमापासून शरीराच्या तापमानाला सु. १ लिटर हायड्रोजन सुटतो. विघटन सावकाश झाले, तर हा वायू ऊतकांतून पसरून निघून जातो. जलद झाले, तर त्याचे फुगे साठून हाडाच्या जुळणीत अडथळा येतो. हायड्रॉक्साइडाचा थर काही अंशी संरक्षण देतो. पण तो सु. ११ पेक्षा अधिक पीएच मूल्यालाच स्थिर असतो व रक्ताचे पीएच मूल्य ७.४ असते. शिवाय शरीरद्रवातील क्लोराइड आयन या थराचे विद्राव्य मॅग्नेशियम क्लोराइडात रूपांतर करतात. मुंबईत वांद्र्यासारख्या किनाऱ्यालगतच्या भागात खिडक्यांचे लोखंडी गज लवकर गंजतात, ते वाऱ्याबरोबर येणाऱ्या याच क्लोराइडामुळे. धातूच्या ऑक्साइडाचे घनफळही मूळ धातूच्या सु. ०.८१ पटच असल्याने तो थर पृष्ठ पूर्ण झाकू शकत नाही.

लेपनाच्या पद्धती : (१) रासायनिक परिवर्तन : हायड्रोफ्ल्युओरिक अम्लात वस्तू बुडविल्यास पृष्ठावर मॅग्नेशियम फ्ल्युओराइडाचा घट्ट चिकटणारा पातळ थर तयार होतो. पद्धत सोपी असली, तरी अम्ल अतिशय घातक असते व थर फार जाड होत नाही. (२) कॅल्शियम फॉस्फेटांचे लेप : हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट हे हाडातील खनिजासारखेच असल्याने हाडाच्या कोशिका त्याच्यावर चांगल्या वाढतात. ते विद्रावातून किंवा विद्युत् निक्षेपणाने बसवितात. (३) विद्राव-जेल पद्धती : सिलिका, टिटॅनिया, झिर्कोनिया इत्यादींचे लेप देऊन वस्तू तापवितात. मॅग्नेशियमाचा वितळबिंदू ६५० से. असल्याने तापमानावर मर्यादा येते आणि आकुंचनामुळे लेपाला भेगा पडण्याचा संभव असतो. (४) आयनद्रायू विद्युत् विच्छेदी ऑक्सिडीभवन : ही सर्वांत महत्त्वाची पद्धत होय. सिलिकेट किंवा फॉस्फेटयुक्त क्षारकीय विद्रावात वस्तू धनाग्र म्हणून ठेवून सु. २०० ते ५०० व्होल्ट दाब देतात. पृष्ठावर असंख्य सूक्ष्म ठिणग्या उडून तेथील ऑक्साइड क्षणभर वितळतो व लगेच गोठतो. अशा प्रकारे काही मायक्रोमीटरांपासून दहांच्या पटींतील मायक्रोमीटर जाडीचा कठीण लेप धातूतूनच वाढत असल्याने तो सहसा सुटून येत नाही. त्याचा बाहेरील भाग सच्छिद्र, तर आतील भाग दाट असतो. छिद्रांतून शरीरद्रव धातूपर्यंत पोहोचू नये म्हणून ती दुसऱ्या लेपाने बुजवितात. याच छिद्रांमुळे हाडाला पकड मिळते, हा त्यांचा फायदाही आहे. या पद्धतीचे तंत्र १९७० नंतर सोव्हिएट संघात मोठ्या प्रमाणावर विकसित झाले. भारतात हैदराबाद येथील चूर्ण धातुविज्ञान व नवे पदार्थ यांच्या आंतरराष्ट्रीय प्रगत संशोधन केंद्राने या तंत्रावर उल्लेखनीय काम केले आहे.

कसोटी व मर्यादा : परीक्षण करताना सुटलेला हायड्रोजन मोजतात, वजनातील घट पाहतात व विद्युत् संरोध मापतात. यासाठी रक्तद्रवासारखी आयनरचना असलेला कृत्रिम शरीरद्रव वापरतात. मात्र प्रथिने, रक्तप्रवाह व भार यांमुळे प्रयोगशाळेतील वेग व प्रत्यक्ष शरीरातील वेग यांत पुष्कळ फरक पडतो.

मृत्तिका पदार्थ ठिसूळ असतात. स्क्रू पिळताना किंवा स्टेंट फुगविताना लेपाला चीर पडल्यास त्या एकाच जागी संक्षारण एकवटते आणि खळगा खोल जाऊन वस्तू अकाली तुटते. अशा वेळी सदोष लेप हा लेप नसण्यापेक्षाही घातक ठरू शकतो. लेपाचे अवशेष शरीराला अपायकारक नसावेत, हीही अट आहे.

उपयोग : मॅग्नेशियमाच्या स्टेंटचा ६३ रोग्यांवरील प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टेंट सुरक्षितपणे विरघळला. पण आधार लवकर सुटणे हे रोहिणी पुन्हा आकुंचित होण्याचे एक कारण ठरले. जर्मनीत तयार झालेल्या, इट्रियम व विरल मृत्तिका मूलद्रव्ये असलेल्या मिश्रधातूच्या स्क्रूला २०१३ मध्ये यूरोपात मान्यता मिळाली. त्यावर लेप नव्हता, मिश्रधातूच्या रचनेनेच वेग आवरला होता. २०१६ मध्ये मान्यता मिळालेल्या स्टेंटवर औषधयुक्त बहुवारिकाचा लेप होता. मृत्तिका लेपांवरील संशोधनाचा भर मुख्यत्वे हाडांच्या रोपणांवर आहे.

संक्षारणरोधक लेपांची नेहमीची कसोटी टिकाऊपणा ही असते. २००९ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या पोलादी केबलींवरील आवरण जितका अधिक काळ टिकेल तितके चांगले. येथे मात्र लेपाने हाड जुळेपर्यंतचे सु. तीन-चार महिने धातूला आवरून धरावे आणि नंतर स्वतःच वाट मोकळी करून द्यावी लागते. तो लवकर गेला तर हाड निराधार होते. गेलाच नाही, तर दुसरी शस्त्रक्रिया टाळण्याचा हेतूच विफल होतो.