‘दोष आढळला’ म्हणजे कर्करोग नव्हे!

गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाली आणि कागदावर ‘दोष आढळला’ एवढे दोन शब्द आले, की बाईच्या पायांखालची जमीनच सरकते. मग एखादी तो कागद ट्रंकेच्या तळाशी दडवते आणि ‘आधी मुलीचे लग्न उरकू, मग पाहू’ म्हणते. भगिनींनो, खरा धोका त्या कागदात नाही. तो दडवून ठेवण्यात आहे.

हा रोग एका रात्रीत होत नाही. त्याच्या मुळाशी बहुधा एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. शरीरसंबंधातून तो इतका सहज लागतो, की त्यावरून कोणाच्या शीलाविषयी शंका घेणे हा निव्वळ अडाणीपणा होय! बहुतेकींच्या शरीरातून तो एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काहींच्या शरीरात मात्र ठाण मांडतो. तेथील पेशी हळूहळू बदलू लागतात, आणि त्यांचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. तपासणीचा सारा उपयोग या मधल्या काळातच आहे.

मग पुढे काय? डॉक्टर मोठ्या भिंगातून ती जागा पाहतात आणि जरूर वाटल्यास लहानसा तुकडा तपासायला पाठवतात. बदल सौम्य असला तर बहुधा औषधही लागत नाही. मात्र सांगितलेल्या मुदतीत पुन्हा तपासणी हवी. बदल तीव्र असला तर तेवढाच भाग उष्णतेने वा अतिथंडीने नष्ट करतात, किंवा विजेच्या बारीक तारेने काढतात. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. त्यानंतरही तपासणी चुकवू नये.

याचे फळ मुंबईतच दिसले आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ साली झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. साधन कोणते? व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल! ते लावल्यावर बिघडलेली जागा पांढरी दिसते. तपासणाऱ्याही डॉक्टर नव्हत्या, तर शिकवून तयार केलेल्या दहावी पास स्त्रिया. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसले, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि तो कागद ट्रंकेत असेल, तर आजच बाहेर काढा.