आयमथचें बंदर

स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, आय नदीच्या मुखाशीं आयमथ हें कोळ्यांचें लहानसें गांव वसलेलें आहे. बंदर हेंच त्याचें जीवित. पण तेंच एकदां त्याचा काळ ठरलें.

मासळीचा दहावा हिस्सा चर्चला देण्याची येथें जुनी सक्ती होती. विल्यम स्पिअर्स याच्या पुढारीपणाखालीं कोळ्यांनीं दीर्घ लढा दिला, तेव्हां १८६४ सालीं भरभक्कम रकमेच्या मोबदल्यांत ती सुटली. बंदराची सुधारणा मात्र मागें पडली. तें उथळच राहिलें. त्याचें तोंड अरुंद व खडकाळ.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर १८८१. वायुभारमापकाचा पारा उतरला होता. पण समुद्र शांत दिसला, आणि खराब हवेमुळें घरीं बसलेले कोळी नौका घेऊन निघाले. दुपारीं एकाएकीं प्रचंड वादळ उठलें. आसऱ्यासाठीं परतलेल्या कांहीं नौका बंदराच्या तोंडाशींच, बायकामुलांच्या डोळ्यांदेखत, हर्कर खडकांवर फुटल्या. त्या किनाऱ्यावरील १८९ कोळी बुडाले; त्यांपैकीं १२९ एकट्या आयमथचे. उलट, भर समुद्रांतच टिकून राहिलेली ‘एरियल गॅझेल’ ही नौका सुमारें दोन दिवसांनीं सुखरूप परतली.

समुद्राकडे पाहणाऱ्या त्या बायकामुलांचें कांस्यशिल्प २०१६ सालीं तेथें उभारलें गेलें. समुद्रानें ज्यांना राखलें असतें, त्यांचा घात घराच्या उंबरठ्यानें केला, हीच आयमथची कहाणी.