तीन क्यूबची सरासरी काय सांगते?

सिव्हिल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या ब्लॅक बुकात, म्हणजे प्रकल्प अहवालात, एक निष्कर्ष वारंवार भेटतो: सिमेंटच्या काही भागाऐवजी फ्लाय ॲश घातली आणि काँक्रीटची ताकद वाढली. पुरावा म्हणून दोन सरासऱ्या दिलेल्या असतात. समजा, २८ दिवसांच्या क्युरिंगनंतर साध्या मिश्रणाचे तीन क्यूब ३६.२, ३८.९ आणि ३४.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाबाला फुटले आणि फ्लाय ॲशचे ३९.८, ३६.१ आणि ४०.३ ला. सरासरी ३६.५ वरून ३८.७ वर गेली, म्हणून ताकद वाढली, असे म्हणणे हा पहिला गैरसमज. फ्लाय ॲशचा एक क्यूब साध्या मिश्रणाच्या दोन क्यूबांपेक्षा कमी दाबाला फुटला आहे, हे सरासरीत दिसतच नाही. एकाच मिश्रणाचे क्यूब आपापसांत चार न्यूटनांहून जास्त मागेपुढे होत असतील, तर सरासऱ्यांमधला २.२ चा फरक मिश्रणामुळे पडला की नुसत्या योगायोगाने? टी-चाचणी नेमके हेच तपासते. इथे टी येतो १.१९, सहा क्यूबांसाठी ५ टक्के पातळीवर तो किमान २.७८ लागतो. तेव्हा ‘वाढली’ असे लिहायला आधार नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ च तीन क्यूब घ्यायला सांगते. सांगते, पण साइटवरचे काँक्रीट स्वीकारायचे की नाही, हे ठरवण्यासाठी. दोन मिश्रणांची तुलना हा वेगळा प्रश्न आहे. शिवाय तेच मानक एकेका क्यूबला सरासरीच्या १५ टक्के वर-खाली जाण्याची मुभा देते. आपल्या उदाहरणात ती साडेपाच न्यूटनांच्या आसपास भरते, म्हणजे ज्या वाढीचा दावा करायचा तिच्या दुपटीहून अधिक.

दुसरा गैरसमज पी-व्हॅल्यूचा. इथे ती सुमारे ०.३० येते. ‘फ्लाय ॲश निरुपयोगी असण्याची शक्यता ३० टक्के’ असा तिचा अर्थ नाही. मिश्रणांत खरोखर काहीच फरक नसता, तरीही एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातल्या तीसेक वेळा दिसला असता, एवढेच ती सांगते. ‘फरक नाही हे सिद्ध झाले’ असे लिहिणेही तितकेच चूक. प्रत्येकी बारा क्यूब असते आणि सरासऱ्या व विखुरणे हेच राहिले असते, तर टीने २.३९ वर जाऊन २.०७ ची मर्यादा ओलांडली असती.

‘नमुने इतके कमी, मग चाचणी कशाला?’ असेही विचारले जाते. ही चाचणी जन्मली तीच कमी नमुन्यांसाठी. गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ती मांडली. मात्र एका गोष्टीवर चाचणीपाशीही इलाज नाही. एकाच बॅचमधून भरलेले बारा क्यूब त्या एका बॅचबद्दलच बोलतात; त्या दिवशी पाणी थोडे जास्त पडले असेल, तर बाराही क्यूब ते मुकाट्याने सोसतात. म्हणून वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या बॅच करून क्यूब भरा, किती भरायचे ते साचे हातात घेण्याआधी ठरवा आणि ब्लॅक बुकात सरासरीशेजारी प्रत्येक क्यूबचा आकडा छापा.