राजशेखराची कविचर्या : स्फूर्ती आणि नित्याभ्यास

काव्याची निर्मिती स्फूर्तीवर अवलंबून असते की नित्याच्या परिश्रमावर, हा वाद नवा नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात काव्यहेतूंच्या चर्चेत तो पूर्वीच येऊन गेला आहे.

दंडीने नैसर्गिक प्रतिभा, निर्मळ श्रुत व मंद न होणारा अभियोग असे तीन हेतू सांगितले, आणि प्रतिभा उणी असली तरी अध्ययन व यत्न यांनी उपासिलेली वाणी काही अनुग्रह करतेच, असा दिलासाही दिला. मम्मटाने शक्ती, निपुणता व अभ्यास ही तिन्ही मिळून एकच हेतू होय, हे एकवचन योजून सुचविले. जगन्नाथ पंडिताने केवळ प्रतिभेलाच हेतू मानले. परंतु ती कधी अदृष्टाने, तर कधी व्युत्पत्ती व अभ्यास यांनी उत्पन्न होते, असे त्यानेही म्हटले आहे. तात्पर्य, अभ्यासाला सर्वस्वी निरुपयोगी ठरविणारा पक्ष यांत नाही.

इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराची भूमिका याहून उद्बोधक आहे. त्याच्या मते शक्ती हाच काव्याचा हेतू. समाधी हा आंतर व अभ्यास हा बाह्य प्रयत्न, आणि हे दोन्ही शक्तीला प्रकाशित करतात. असे असूनही 'काव्यमीमांसे'च्या दहाव्या अध्यायात तो कवीची दिनचर्या प्रहरवार आखून देतो. ज्या प्रवृत्तींना नियत काळ नाही त्या विस्कटून जातात, हे त्याचे कारण. पहिल्या प्रहरी काव्योपयोगी विद्यांचे अनुशीलन, दुसऱ्या प्रहरी काव्यरचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी व समस्यापूर्ती, आणि चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेचे परीक्षण, एकट्याने अथवा मोजक्या जाणकारांसह. रसावेशात लिहिणाऱ्याची दृष्टी विवेचक राहत नाही. म्हणून अधिकाचा त्याग, न्यूनाची पूर्ती, अस्थानी पडलेल्याची फेरमांडणी व विस्मृताचे स्मरण ही कामे आवेश ओसरल्यावरच करावयाची.

शक्तीला एकमेव हेतू मानणाऱ्यानेच वेळापत्रक द्यावे, यात वरवर विसंगती दिसते. वस्तुतः ती नाही. राजशेखर आवेश नाकारीत नाही. त्याला एक प्रहर राखून ठेवतो, आणि त्याच्या पाठीशी दुसऱ्या प्रहरातील विवेक उभा करतो. सेवावृत्तीत गुंतलेल्या 'दत्तावसर' कवीसाठीही त्याने रात्रीच्या अखेरचा सारस्वत मुहूर्त, भोजनोत्तर काळ, पालखीतील प्रवास असे अवकाश नोंदले आहेत. तेव्हा सवड नाही ही सबबही त्याच्यापुढे टिकत नाही.

नित्य लेखनाने प्रतिभा निर्माण होईलच, असे या विवेचनावरून म्हणता येणार नाही. अभ्यास यांत्रिक होण्याचा धोकाही खराच. पण चौथा प्रहर वगळला तर तो अधिक. मात्र केवळ प्रतीक्षा करणाऱ्याजवळ प्रतिभा असली, तरी तिला प्रकाशित होण्यास साधन उरत नाही. साहित्याच्या अध्यापनाचे प्रयोजन नेमके येथे आहे : शक्ती देणे वर्गात शक्य नाही, परंतु पहिला व चौथा प्रहर तेथे निश्चितच शिकविता येतो.